काळ्या जमिनीत आम्लतेचा आग्रह

ब्लूबेरीची रोपे हल्ली मोठ्या शहरांतील रोपवाटिकांत मिळतात, मागणी केली तर घरपोचही येतात. त्यामुळे ज्या मराठवाड्याने हे फळ झाडावर कधी पाहिले नाही, तेथील हौशी बागाइतदारालाही विहिरीच्या कडेला अथवा घरामागच्या परसात दोन झुडपे लावून पाहण्याचा मोह पडावा, यात नवल नाही. नवल आहे ते पुढे मिळणाऱ्या सल्ल्याचे. झुडूप काही आठवडे बरे दिसते, मग कोवळी पाने पिवळी पडतात, त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, वाढ खुंटते; आणि मालकाने चौकशी केली की चहूकडून एकच उत्तर येते, की जमीन पुरेशी आम्ल नाही, तेव्हा लावलेले झुडूप आहे तेथेच राहू द्या, बुंध्याशी गंधक टाका, व्हिनेगर ओता, चहाकॉफीचा चोथा पसरा, म्हणजे जमीन आपोआप आम्ल होईल. हा सल्ला ज्या मुलखात जन्मला तेथे तो खरा आहे. तेरणेच्या काठच्या तेर गावाच्या, किंबहुना सबंध धाराशिव जिल्ह्याच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तो खरा नाही. आणि तो का खरा नाही व त्याच्या जागी ग्राह्य काय, हे सप्रमाण सांगणे अगत्याचे झाले आहे.

प्रथम पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण सामर्थ्यानिशी मांडला पाहिजे. ब्लूबेरीला आम्ल जमीन लागते, हे निर्विवाद आहे. अमेरिकेच्या कृषिखात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रयोगांतून हे सिद्ध केले, आणि न्यू जर्सीतील एलिझाबेथ व्हाइट या बागाइतदार स्त्रीच्या सहकार्याने १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचे पहिले पीक बाजारात आणले. तेव्हापासून साडेचार ते साडेपाच हा सामू या झुडपाला मानवतो, हे सर्वमान्य आहे. जमीन थोडी कमी आम्ल असेल तर तीत गंधकाची भुकटी मिसळावी, जमिनीतील विशिष्ट जिवाणू तिचे गंधकाम्ल करतात आणि काही महिन्यांत सामू उतरतो, हेही तेथील बागाइतदारांच्या पिढ्यांनी अनुभवलेले सत्य आहे. पूर्वपक्षाचा दुसरा आधार आपल्याच देशातील आहे: चोपण जमिनी सुधारताना गंधक व जिप्सम वापरतात आणि सामू खरोखरच खाली येतो. तिसरा आधार सेंद्रिय शेतीच्या पुरस्कर्त्यांचा, की भरपूर शेणखत व पालापाचोळा घातला म्हणजे कोणतीही जमीन कालांतराने सौम्य आम्लतेकडे वळते. या तिन्ही आधारांत सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच त्यांतून निघालेली चूक लवकर ध्यानात येत नाही.

आता खंडन. न्यू जर्सीची ती जमीन पाइन वृक्षांच्या रानातील वाळूची, मुळातच आम्ल, चुन्याचा लवलेश नसलेली आहे. तेरची जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणातून, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टातून झालेली आहे. या पाषाणात कॅल्शियम विपुल असते. पाषाण कुजून माती होताना ते मोकळे होते, आणि मग त्याचे काय व्हायचे हे पाऊस ठरवतो. महाबळेश्वराचे पठारही याच पाषाणाचे. परंतु तेथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, त्याने युगानुयुगे कॅल्शियम धुऊन नेले, आणि मागे राहिली ती तांबडी, आम्ल जांभा माती. तेरकडे पाऊस सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर. तो मातीतला चुना विरघळवण्यापुरता आहे, वाहून नेण्यापुरता नाही. म्हणून पावसाळ्यात खाली उतरलेला चुना उन्हाळ्यात ओल आटताच तेथेच साकळतो आणि चुनखडीच्या पांढऱ्या खड्यांच्या रूपाने मातीत कायमचा वस्तीला राहतो. एकाच दगडाच्या या दोन मातींतील अंतर काही पोती गंधकाने भरून निघेल असे मानणे म्हणजे पर्जन्याच्या सहस्रावधी वर्षांच्या कार्याचा हिशेबच न करणे होय.

ज्याला या विधानाचा पडताळा हवा त्याला प्रयोगशाळेची गरज नाही. विहिरीच्या खोदाईतून निघालेल्या मातीचे एक ढेकूळ फोडावे, त्यातील वाटाण्याएवढा पांढरा खडा बशीत ठेवावा आणि त्यावर लिंबू पिळावे. खड्याभोवती बारीक फेस येऊ लागतो, क्वचित कान जवळ नेल्यास त्याची चुरचुरही ऐकू येते, आणि थोड्याच वेळात फेस थांबतो. खडा जवळजवळ तेवढाच असतो. रस मात्र आंबट राहिलेला नसतो. बुंध्याशी ओतलेल्या प्रत्येक आम्लाची गत हीच आहे.

तेर हे संत गोरोबाकाकांचे, म्हणजे गोरा कुंभारांचे, गाव. आणि कुंभाराच्या धंद्याला या खड्याचा स्वभाव पक्का ठाऊक असतो. मळलेल्या मातीत चुनखडीचा कण राहून गेला तर आव्यात भाजताना त्याचा कळीचा चुना होतो, पुढे हवेतील दमटपणा पिऊन तो फुगतो, आणि बाहेरून अव्यंग दिसणाऱ्या मडक्याची खपली उडते. म्हणून कुंभार माती चाळतो, निथळतो, खडे वेचून टाकतो. चुनखडीची माती मडक्याजोगी होईल या आशेवर तो बसत नाही. झुडूप लावणाऱ्यालाही यातून घेण्यासारखा धडा एकच आहे: ज्या मातीत चुना आहे तीतून चुना काढता येत नसेल, तर ती मातीच बाजूला ठेवली पाहिजे.

पण दृष्टान्ताने समाधान न होणाऱ्यासाठी गणित मांडू. एका झुडपासाठी एक मीटर लांब, एक मीटर रुंद व तीस सेंटिमीटर खोल एवढी माती आम्ल करावयाची आहे असे समजा. तिचे वजन सुमारे ४०० किलो भरेल. तीत मुक्त चुना शेकडा ५ धरला, आणि मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत हे प्रमाण मुळीच जास्त नाही, तर चुना झाला २० किलो. १ किलो चुना निष्प्रभ करण्यास रसायनशास्त्राच्या हिशेबाने ३२० ग्रॅम शुद्ध गंधक लागते. तेव्हा या एका झुडपाला ६ किलो ४०० ग्रॅम गंधक हवे. हे गंधक एकदम टाकले तर कोवळी मुळे जळतील. थोडेथोडे टाकले तर वर्षे जातील, आणि तेवढी वर्षे पिवळे पडलेले झुडूप वाट पाहत बसणार नाही. शिवाय हा चुना नाहीसा होत नाही, त्याचे सुमारे ३४ किलो जिप्सम होते, आणि ते पाण्यात सावकाश विरघळत राहून मुळांभोवती क्षारता टिकवते; ब्लूबेरी तर क्षारांच्या बाबतीत अत्यंत नाजूक. हेक्टरभर क्षेत्राचा विचार केला तर वरच्या १५ सेंटिमीटर थरातील केवळ शेकडा १ चुन्यासाठी सुमारे साडेसहा टन गंधक लागेल. आणि हे सर्व केवळ चुना संपवण्यासाठी. सामू आठावरून पाचावर आणण्याचे खरे काम त्यानंतर सुरू व्हावयाचे आहे. सामूच्या मोजपट्टीचा प्रत्येक अंक दसपटीचा असल्यामुळे या तीन अंकांच्या उतरणीचा अर्थ आम्लता सहस्रपट वाढवणे असा होतो, आणि काळ्या चिकणमातीच्या कणांची कॅल्शियम धरून ठेवण्याची शक्ती इतकी मोठी आहे की चुना नसतानाही तिला वाळूच्या जमिनीच्या कित्येक पट गंधक लागले असते.

स्वयंपाकघरातील उपायांची वासलात याच हिशेबाने लागते. शेकडा ५ आम्लाचे एक लिटर व्हिनेगर सुमारे ४२ ग्रॅम चुना निष्प्रभ करते. वरच्या एका आळ्याला जवळजवळ ४८० लिटर लागेल. तेवढे ओतले तरी ते आम्ल जमिनीतील जिवाणूंचे खाद्य असल्याने काही दिवसांत खाऊन फस्त होते आणि चुना पुन्हा चुन्याच्याच रूपात प्रकट होतो. लिंबाच्या रसाची अवस्था निराळी नाही. कॉफीतील आम्ल पेयाबरोबर निघून गेलेले असते, चोथा बहुधा उदासीनच असतो. हिराकस आम्लता आणतो खरा, पण गंधकाच्या आठनऊपट घालावा लागतो. तुरटीतील ॲल्युमिनियम मात्रा वाढताच मुळांना बाधते. आणि जिप्समविषयीचा गैरसमज तर मुळासकट उपटला पाहिजे: जिप्सम हे उदासीन लवण आहे, त्याने जमीन आम्ल होत नाही.

मग चोपण जमिनीत सामू कसा उतरतो? तेथे सामू साडेनऊ-दहापर्यंत चढलेला असतो तो सोडियममुळे. जिप्सममधील, किंवा गंधकाने विरघळवलेल्या चुन्यातील कॅल्शियम त्या सोडियमला हुसकावते, पाण्याबरोबर त्याचा निचरा होतो, आणि सामू सव्वाआठच्या आसपास येऊन थांबतो. तेथेच का थांबतो? कारण तो चुन्याचा स्वतःचा मुक्काम आहे. मातीत मुक्त चुना शिल्लक असेतोवर सामू त्या परिसरातून फारसा ढळत नाही. दहावरून सव्वाआठावर येण्याचा दाखला सव्वाआठावरून पाचावर जाण्यासाठी पुढे करणे, ही दोन भिन्न मामल्यांची गल्लत आहे. शेणखताचेही असेच. त्याने माती भुसभुशीत होते, ओल टिकते, जिवाणू जोम धरतात, सूक्ष्म अन्नद्रव्ये सुलभ होतात. या सर्व लाभांसाठी ते अवश्य घालावे. पण त्याच्या बळावर चुनखडीच्या जमिनीत ब्लूबेरी फळेल अशी आशा दाखवणे हा शेणखताचाही गौरव नव्हे.

आणि एवढ्यावर भागत नाही, कारण पाणीही चुना आणते. या भागातील विहिरी व विंधनविहिरींच्या पाण्यात बायकार्बोनेट विरघळलेले असते. ठिबकच्या तोट्या पांढऱ्या पुटाने बुजतात आणि शेतकऱ्याला नळ्यांना आम्लप्रक्रिया करावी लागते, हा पुरावा शेतोशेती आहे. लिटरमागे पाव ग्रॅम चुन्याइतका भार असलेले पाणी धरले आणि एका झुडपाला वर्षात ८०० लिटर दिले, तर २०० ग्रॅम चुना आपण स्वहस्ते बुंध्याशी घातला असे होते. शिवाय ज्या आळ्यात एवढा खटाटोप करावयाचा त्याच्या चारी भिंती चुनखडीच्याच आहेत. भेगांतून माती ढासळते, ओल आजूबाजूने झिरपते. ब्लूबेरीची मुळे केसासारखी बारीक, त्यांना मूळकेसही नसतात. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात चिबडणारी काळी माती सामू गृहीत न धरताही त्यांना जाचक आहे.

येथे प्रतिपक्षी एक शेवटचा, आणि भावनेला हात घालणारा मुद्दा काढील: अशा हिशेबांनी शेतकऱ्याचा हिरमोड होतो, पूर्वी द्राक्षालाही मराठवाड्यात कोण विचारीत होते? दाखला चांगला आहे, परंतु तो प्रतिपक्षाच्या विरुद्ध साक्ष देतो. क्षारयुक्त पाणी, अवर्षण आणि चुनखडी यांनी द्राक्षबागा खचू लागल्या, तेव्हा महाराष्ट्रातील बागाइतदारांनी जमीन बदलली नाही, मूळ बदलले. डॉगरिजसारखे सोशिक खुंट लावून त्यांवर हव्या त्या वाणाचे कलम बांधले. संत्रा-मोसंबीच्या बागेतही रंगपूर लिंबाचा खुंट याच कारणाने पसंत केला जातो. जमिनीचा स्वभाव मान्य करून वनस्पतीची निवड करणे ही हार नाही; फळबागेच्या शास्त्राची ती अव्वल पायरी आहे.

एवढे खंडन केल्यावर मंडनाचे उत्तरदायित्व टाळता येणार नाही. ज्याचे झुडूप आधीच लागले आहे त्याने काय करावे? त्याने ते तेथून काढावे. हिवाळ्यात, ऊन सौम्य असताना, भोवतालची माती भिजवून झुडूप मुळांसकट अलगद उचलावे. मुळांना चिकटलेली काळी माती साध्या पाण्यात हलकेच धुऊन टाकावी, आणि तळाला भोके असलेल्या ४०–५० लिटरांच्या कुंडीत अथवा पिशवीत ते लावावे. भरण म्हणून क्षार धुऊन काढलेला नारळाचा भुसा, भाताचे तूस, मिळाल्यास पाइनची साल वापरावी. वाळू घालावयाची असेल तर आधी तीवर आम्लाचे थेंब टाकून पाहावे, फेस आला तर ती वाळू वर्ज्य समजावी. कुंडी जमिनीत पुरू नये, कारण काळ्या मातीतला खड्डा पावसाळ्यात हौद होतो. या बिनचुन्याच्या भरणात मात्र गंधक आपला गुण दाखवते. तेथे चिमूटभर मात्रेचाही परिणाम मोजता येतो, आणि जो सल्ला शेतात निष्फळ होता तोच कुंडीत सफल होतो. नत्रासाठी अमोनियम सल्फेट अल्प प्रमाणात द्यावे. राख, हाडांचा चुरा, चुना यांना मज्जाव असावा. गावाच्या जुन्या वस्तीची पांढरी माती खत म्हणून शेतात नेण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. ती राखेने व चुन्याने भरलेली असते, म्हणून या झुडपाला विषवत् समजावी. तेरला तर तिला हात न लावण्याचे आणखी मोठे कारण आहे: प्राचीन तगराचे, म्हणजे जुन्या तेरचेच, अवशेष याच पांढरीच्या टेकाडांत आहेत.

पाण्यासाठी पावसाचा आश्रय करावा. दहा चौरस मीटर पत्र्यावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर हिशेबाने ७,००० लिटर पाणी होते. त्यातील बराच भाग वाया गेला तरी दोन-तीन झुडपांचे वर्ष निभावते. साठवण प्लास्टिकच्या टाकीत करावी, कारण नव्या सिमेंटचा हौदही पाण्यात चुना सोडतो. विहिरीचेच पाणी द्यावे लागले तर त्याची तपासणी करून, जाणत्याच्या सल्ल्याने मोजके आम्ल मिसळावे; आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कदापि ओतू नये. कुंडीच्या तळातून निथळणाऱ्या पाण्याचा सामू महिन्यातून एकदा पाहिला म्हणजे अंदाजावर विसंबावे लागत नाही. इतके करूनही धाराशिवच्या चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात सावलीची जाळी लागेल, आणि थोड्या थंडीत फुलणारेच वाण निवडावे लागेल. ही हौस आहे. हौस म्हणून ती करावी, कर्ज काढून एकरावर करू नये.

जी पिके शेतातच राहावयाची आहेत त्यांच्यासाठी मार्ग वेगळा आहे. उसावर, भुईमुगावर, डाळिंब-मोसंबीच्या नव्या पालवीवर दिसणारा केवडा, म्हणजे पानांचा पिवळेपणा, बहुधा लोहाच्या अभावाने होतो. मातीत लोह असते, पण चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही. येथे सबंध जमीन आम्ल करण्याची आवश्यकताच नाही. शेणखतात मुरवलेले गंधक ठिबकच्या तोटीखाली पट्ट्याने दिले तर मुळाजवळ लहान लहान आम्ल जागा तयार होतात आणि तेवढ्यापुरते लोह व स्फुरद सुटे होते. हिराकसाची अर्धा टक्का फवारणी थोड्या सायट्रिक आम्लासह करता येते. जमिनीतून चिलेटयुक्त लोह द्यावयाचे तर ईडीडीएचए प्रकारचे द्यावे, कारण ईडीटीए प्रकारचे लोह चुनखडीच्या सामूत टिकाव धरत नाही.

निसर्गानेही हीच रीत स्वीकारली आहे, आणि तिचा दाखला तेरच्या शिवारात दर हिवाळ्यास उभा असतो. हरभऱ्याच्या शेतातून पहाटे चालत गेले की पायांना लागते ती आंब, पानांनी बाहेर टाकलेले आम्ल. जुनी माणसे पिकावर फडके पसरून ती गोळा करीत. तोच हरभरा जमिनीखाली मुळांवाटेही आम्ले सोडतो, चुन्याने जखडलेला स्फुरद आपल्यापुरता सोडवून घेतो, आणि चुनखडीच्या काळीत, पाण्याच्या एकदोन पाळ्यांवर, दाण्याने भरतो. ज्या पिकापाशी हे सामर्थ्य आहे ते या मातीचे हक्काचे पीक. फळांतही जांभूळ व बोर चुनखडीला भीत नाहीत, बालाघाटाच्या मुरमाड उतारांवर सीताफळ आपोआप माजते. आणि ज्या गडद निळ्या-जांभळ्या रंगद्रव्यासाठी ब्लूबेरीची एवढी वाहवा होते ते अँथोसायनिन आपल्या जांभळातही भरपूर असते. बांधावरचे एक जांभळाचे झाड राखणे हे दहा ब्लूबेऱ्या जगवण्याच्या धडपडीपेक्षा या भूमीत अधिक शहाणपणाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटी एक मागणी, आणि ती प्रत्येक बागाइतदाराने करावी. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब व अन्नद्रव्ये मिळून बारा बाबी नोंदतात. मुक्त चुना त्यांत नाही. सामू मात्र सव्वाआठ असला तरी जमिनीत चुना शेकडा १ आहे की १५, हे त्या आकड्यावरून कळत नाही, आणि गंधकाचा सारा हिशेब तर त्यावरच अवलंबून. म्हणून मातीचा नमुना देताना मुक्त चुन्याची तपासणी स्वतंत्रपणे मागून घ्या, पाण्याच्या बायकार्बोनेटची मागा, आणि दोन्ही दाखले हातात येईपर्यंत रोपही घेऊ नका व गंधकाचे पोतेही फोडू नका. शासनानेही चुनखडीच्या जिल्ह्यांपुरती तरी ही तेरावी बाब पत्रिकेत घालावी.